ज्याची त्याची बॅटरी

वस्तू आपली नसली तरी ती वापरता येते, या एका शोधावर मानवजातीची सगळी प्रगती उभी आहे. (वस्तू आपली असूनही वापरायची नसते, हा शोध नंतरचा, त्यातून शोकेस निघाली.) याच थोर परंपरेत शिनोलीजवळ, भीमाशंकरच्या रस्त्याला, विजेच्या मोटारींसाठी बॅटरी अदलाबदल केंद्र सुरू झालं. गाडी आत घ्यायची, यंत्र खालून रिकामी बॅटरी काढणार, भरलेली बसवणार, तीन मिनिटांत माणूस वाटेला. बॅटरी कुणा एकाची नाही, कंपनीची. आज तुमच्या गाडीत, उद्या माझ्या. इतकी व्यवहार्य योजना तालुक्यात पूर्वी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिच्यात एकही खोट सापडेना, म्हणून लोक थोडे अस्वस्थही झाले.

ती उणीव हौशीरामांनी भरून काढली.

हौशीराम शिनोलीतले विजेच्या मोटारीचे पहिले मालक. दसऱ्याला त्यांनी बॅटरीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या बाजारातून भांड्यांवर नावं घालणाऱ्याला केंद्रावर आणून तिच्यावर कोरून घेतलं: 'हौशीराम, शिनोली'. ज्या घरात चमच्यावरही नाव असतं, त्या घरातली एवढी मोठी वस्तू बिननावाची हिंडणं बरं दिसत नाही, हे कुणालाही पटेल. कंपनीच्या नियमावलीत याला मनाई नव्हती. नियमावली लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा काचेची भांडी असावीत.

महिन्याभरात सगळ्या बॅटऱ्यांना नावं आली. दोन तर आईवडिलांच्या स्मरणार्थ अर्पण झाल्या. केंद्रानं केलेल्या पाहणीत शंभर टक्के ग्राहकांनी अदलाबदलीला पाठिंबा दिला. त्यांतल्या शंभर टक्क्यांनी स्वतःची बॅटरी वगळून. ज्याला त्याला आपलीच भरून हवी, त्यामुळे तीन मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर गेलं. लोक गाडी केंद्रावर ठेवून एसटीनं कामाला जाऊ लागले आणि एसटीनंच परत येऊन गाडी नेऊ लागले. विजेची बचत झाली, हे कबूल केलं पाहिजे.

(गॅसचं सिलिंडर कसं बदलता मग, असं एका शहरी अभ्यासकानं विचारलं होतं. सिलिंडर ओट्याखाली असतं, मोटार दारात. ओट्याखाली समाजवाद चालतो.)

अशा या केंद्रावर एका सकाळी हौशीराम, पत्नी गोजरबाई आणि मुलगी समृद्धी येऊन थांबले. त्या दुपारी तळेघरला समृद्धीचा साखरपुडा होता आणि आदल्या दिवशी गावोगाव आमंत्रणं करताना बॅटरी पार उतरली होती.

"काळजी नाय भाऊ," केंद्र सांभाळणारा नौशाद म्हणाला. "भरलेल्या लई पडल्यात. कुठली बी लावतो, आत्ता निघताल."

हौशीरामांनी फळीवरची नावं वाचली. एका बॅटरीच्या घरी सुतक होतं. दुसरीचा मालक आयुष्यात कुठंही वेळेवर पोचलेला नव्हता. ढवळ्याशेजारी पवळा बांधल्यावर काय होतं ते त्यांना माहीत होतं. तिसरीवर 'सुभाष' असं ठळक कोरलेलं होतं. सुभाष त्यांचा चुलतभाऊ. एका लग्नपत्रिकेत त्यानं यांचं नाव व्याह्याच्या मेव्हण्याखाली छापलं, तेव्हापासून बोलणं बंद.

"माझीच भर," हौशीराम म्हणाले.

"येळ जाईल राव. वर लाईटीचा भरवसा नाय."

"जाऊ दे. परक्याच्या बॅटरीवर पोरीचं शुभकार्य करायचं व्हय?"

"आप्पा, बॅटरी बदलायचीय, सोयरीक न्हाई," समृद्धी म्हणाली.

एवढ्यात एसटीतून सुभाष उतरला. निघाला होता तोही तळेघरलाच. बोलणं बंद असलं तरी भाऊकी बंद नव्हती. त्याची बॅटरी त्याच्या गाडीत चढली आणि तो नौशादकडे वळला.

"नौशाद, ह्यांना म्हणावं, गाडीत जागा हाय."

"नौशाद, त्यांना सांग, आमाला गाडी हाय."

दोघांत दोन हातांचं अंतर होतं. नौशादनं रिवाजाप्रमाणे दोन्ही निरोप जसेच्या तसे पोचवले.

गोजरबाईंनी ओटीच्या सामानाची पिशवी उचलली. "तुमी तुमच्या बॅटरीसंगं या," एवढं बोलून त्या सुभाषच्या गाडीत बसल्या. मागोमाग समृद्धी.

हौशीराम बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं लाईट गेली. ती परत आली, पुन्हा गेली. नौशादनं दोनदा चहा आणला आणि दोनदा भरलेल्या बॅटऱ्यांकडे नुसतं पाहिलं. स्वतःच्या नावाची, काठोकाठ भरलेली बॅटरी घेऊन हौशीराम तळेघरला पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या.

घडलं ते असं. मुहूर्ताला मुलीचे वडील कुठं, अशी विचारणा झाली. वाटेत हायेत, असं सांगण्यात आलं. थोडं थांबून जाणत्यांनी भाऊकीतलं कुणीतरी बसवा म्हटलं. सुभाष पाटावर बसला, टॉवेल-टोपी झाली, सुपारी फुटली. बाप बदलायला तीन मिनिटंही लागली नाहीत. कार्यात कसलाही व्यत्यय आला नाही. जेवण चांगलं झालं, फोटो तर उत्तमच आले.

नवऱ्या मुलाच्या मामानं हौशीरामांना यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यानं अगत्यानं खुर्ची पुढं केली. "या पावणं. तुमी मुलीचे कोण म्हणायचे?"

हौशीरामांनी मांडवाकडं पाहिलं. समृद्धी वाकून चुलत्याच्या पाया पडत होती.

"बॅटरी फुल हाय," ते म्हणाले.

घरात, कचेरीत किंवा संस्थेत ज्यांच्यावाचून पान हलत नाही, अशा वाचकांनी खात्रीसाठी एकदा उशिरा पोचून पाहावं. जाताना नाव मात्र कुठंतरी कोरून न्यावं. तिथं विचारतात.