शहाण्याची आंघोळ

“आई संध्याकाळच्या गाडीनं येतेय,” बायको म्हणाली. “शहाण्याला पार्लरमध्ये नेऊन आंघोळ घालून आण. आणि तसाच परत आणलास ना, तर आई त्याला नाही, तुला घराबाहेर काढेल.”

शहाण्या हा सासूबाईंचा कुत्रा. सासूबाई लेकीकडेच राहायच्या. थोड्या दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या होत्या. त्या गेल्यापासून शहाण्यानं सोफ्याचा एक कोपरा खाल्ला होता आणि जावईबापूंवर गुरगुरण्याचा नेम चुकवला नव्हता.

जावईबापू चष्म्याच्या दुकानात कामाला होते. दिवसभर लोकांना अक्षरांची पाटी वाचायला लावणं हेच त्यांचं काम. पण त्या सकाळी शहाण्यानं दोरी त्यांच्या पायांभोवती अशी गुंडाळली, की पार्लर कुठलं हे पाटी वाचून बघायला सवडच मिळाली नाही. तोल सावरत ते समोरच्या दारात शिरले. पार्लर त्याच्या शेजारचं. हे दार होतं नकोशा झालेल्या प्राण्यांना सांभाळून नवं घर मिळवून देणाऱ्या संस्थेचं.

टेबलापाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, “काय त्रास आहे याचा?”

“एक असेल तर सांगू! वास मारतो, सोफा खातो, माझ्यावर दात काढतो. आता तुम्हीच काय ते करा.”

“काका, पुन्हा एकदा विचार करा.”

“विचार कसला त्यात? बायकोनं बजावलंय, तसाच घरी आणायचा नाही.”

मुलीचे डोळे भरून आले. “निश्चिंत जा. यापुढे आम्ही बघू,” म्हणत तिनं शहाण्याला छातीशी धरलं. पार्लरवाले किती जीव लावून काम करतात, असं मनाशी म्हणत जावईबापू दुकान गाठायला धावले.

दुपारी ते परत आले, तेव्हा मुलगी आनंदानं म्हणाली, “काका, चांगली बातमी! तुमच्या कुत्र्याला घर मिळालं. एक शिंपी केव्हाचे थांबले होते, लगेच घेऊन गेले.”

जावईबापूंनी मान वळवून भिंतीवरची पाटी वाचली. पहिली ओळ वाचून ते मटकन खाली बसले.

संस्थेच्या मुख्य बाई बाहेर आल्या. जावईबापूंनी हात जोडले. “बाई, चूक झाली. मी त्याला आंघोळीला आणला होता.”

“टाकून देणारे दुपारी असंच काहीतरी सांगत येतात,” बाई थंडपणे म्हणाल्या. “‘तसाच घरी आणायचा नाही’ हे कोण म्हणालं?”

“ते आंघोळीबद्दल! आणि तो माझा नाहीच हो, सासूबाईंचा आहे.”

“म्हणजे दुसऱ्याचा कुत्रा परस्पर टाकून दिलात? मग पोलिसांनाच बोलावते.”

“नाही, नाही! माझाच आहे!” जावईबापूंनी घाईघाईनं शब्द फिरवला.

तेवढ्यात शिंपीच तणतणत आत आले. काखेत शहाण्या, हातात एका पँटचा एकच पाय. “हा धरा तुमचा कुत्रा! उद्या नवरदेव काय एका पायात पँट घालून उभा राहणार?” शहाण्याला खाली ठेवून ते गेलेसुद्धा.

जावईबापूंना शिंप्याच्या पाया पडावंसं वाटलं. ते पुढे झाले, “ये रे राजा, ये!” शहाण्यानं त्यांच्याकडे पाहिलं, गुरगुरला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे मी पुन्हा कुत्रा देऊ? रीतसर मुलाखत होईल. पटलं तरच मिळेल. बसा. काय खातो तो?”

“सोफा... म्हणजे सोफ्यावर बसून भात.”

“भरवतं कोण?”

“मीच! माझ्या हाताशिवाय घास घेत नाही.”

“वेळ देता येईल?”

“वेळच वेळ! पहाटे फिरवीन, रात्री पाय चेपीन. म्हातारा झाला, आंधळा झाला, तरी अंतर देणार नाही. प्राणी म्हणजे माझा जीव की प्राण!”

फोन वाजला. बायको. “अरे, आई आधीच्याच गाडीनं आली. तिला दम निघेना, ती परस्पर पार्लरला येतेय.”

शेजारून आवाज आलाच. “म्हणजे काय, आलाच नाही? माझा शहाण्या गेला कुठे?” त्या आवाजासरशी टेबलाखालून शहाण्या सुटला आणि भुंकत दारावर आदळला. दार उघडलं. सासूबाई उंबऱ्यात, शहाण्या त्यांच्या कडेवर, आणि समोर भिंतीवरच्या पाटीवर संस्थेचं नाव ठळक अक्षरांत. सासूबाईंनी ते सावकाश वाचलं. मग जावयाकडे पाहिलं.

“तुम्ही यांच्या सासूबाई?” मुख्य बाईंनी विचारलं. “हे म्हणतात, कुत्रा यांच्या हाताशिवाय जेवत नाही. हे रात्री त्याचे पाय चेपतात. खरं का?”

जावईबापूंनी डोळे मिटले. आता हे छप्पर कोसळणार.

“अगदी खरं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “जावई आमचे प्राण्यांवर जीव ओवाळून टाकतात. एकानं त्यांचं कुठलं भागायला! आणखी असता तर बरं झालं असतं, असं सारखं म्हणत असतात.”

मुख्य बाईंचा चेहरा उजळला. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! मुलाखतीत पास आहात तुम्ही.” आणि त्यांनी आत हाक मारली, “आक्काला आणा गं!”

आक्का आली. म्हातारी, बहिरी, एका डोळ्यानं अधू, अंगानं गाढवाच्या शिंगराएवढी कुत्री. तिला कोणी न्यायलाच तयार नव्हतं. तिनं जावईबापूंना हुंगलं आणि त्यांच्या दोन्ही बुटांवर बैठक मारली. जावईबापूंनी केविलवाण्या नजरेनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई शहाण्याचे कान कुरवाळण्यात गुंग होत्या.

घरी दार उघडून बायको बघतच राहिली. आधी आई, मग शहाण्या, आणि सगळ्यांत मागे आक्कानं दोरीनं ओढत आणलेला नवरा.

“धुतल्यावर कपडे आटतात, हे ऐकलं होतं,” ती म्हणाली. “कुत्रे वाढतात, हे नव्हतं ठाऊक.”