उदारामजींनी फोर-के निवडलं

रविवारी सकाळी साडेदहा वाजता दवनीवाड्याच्या उदारामजींनी प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन फोर-के निवडलं आणि टीव्ही काळा झाला.

तसं निवडायची काही गरज नव्हती. थोरला मुलगा इंद्रकुमार हैदराबादला नोकरीला होता. दिवाळीत त्याने आपला डिस्क लावायचा प्लेअर घरी आणून जोडून दिला, धाकट्या गुंजनच्या लग्नाची डिस्क त्यात घातली आणि जाताना बजावून गेला की बाकी काय वाटेल ते करा, सेटिंगमध्ये जाऊ नका. उदारामजींनी ही सूचना घरात सगळ्यांना लागू केली. घरात सगळे म्हणजे ते आणि धुरपताबाई. ते स्वतः तर जाणारच नव्हते, त्यामुळे उरल्या धुरपताबाई.

पण आज सालेकशाचे व्याही चुन्नीलालजी आणि विहीण जमुनाबाई लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला येणार होते. गुंजनही सोबत येणार होती. फोनवर बोलता बोलता उदारामजी व्याह्यांना सांगून बसले होते की आमच्याकडे चित्र असं दिसते की अक्षदांचा दाणा न् दाणा मोजून घ्या. सकाळी त्यांनी खात्रीसाठी डिस्क लावून पाहिली. दाणे दिसत होते, पण मोजता येतील असे वाटेनात. प्लेअरच्या खोक्यावर तर फोर-के असं ठळक छापलेलं. सेटिंगमध्ये शिरल्यावर त्यांना एक यादी सापडली: चारशे ऐंशी, सातशे वीस, एक हजार ऐंशी आणि सगळ्यात शेवटी फोर-के. उदारामजींचं बियाण्याचं दुकान होतं. धानाचं बियाणं असो की जावई, सगळ्यात वरचा नंबर घ्यायचा ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी फोर-के घेतलं.

खरं तर तेव्हासुद्धा काही बिघडलं नव्हतं. चित्र आलं नाही आणि पंधरा सेकंद कुणी काही केलं नाही, की तो प्लेअर आपणहून जुन्या सेटिंगवर परत येत असे. पण काळ्या पडद्यापुढे पंधरा सेकंद हात बांधून बसायचा उदारामजींचा स्वभाव नव्हता. त्यांनी घाबरून ओके दाबलं. प्लेअरने ती संमती समजली.

मग त्यांनी टीव्हीच्या मागची वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. त्याने केबलही गेली. इंद्रकुमारला तीनदा फोन लावला, तो बंद लागला. शेवटी केबलवाल्या छोटेलालला बोलावलं. त्याने वायरीच्या टोकावर फुंकर मारली, केबल तेवढी परत आणून दिली आणि प्लेअरचं निदान सांगितलं. हा टीव्ही फोर-केचा नाही, त्याला जेवढं पचतं तेवढंच द्यायला पाहिजे.

"मंग जुन्यावर आन ना बापा," उदारामजी म्हणाले.

"काका, वापस जाने का रास्ता भी इसी पडदे पे दिखता है," छोटेलाल म्हणाला. "और पडदाच काला है." मग त्याला दुसरीकडून फोन आला आणि तो निघून गेला.

या सगळ्या वेळात धुरपताबाई तीनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिन्ही वेळा त्यांना काहीतरी बोलायचं होतं. तिन्ही वेळा उदारामजींनी त्यांना वड्यांकडे पाहायला परत पाठवलं. यातलं तुले का समजते, असंही एकदा म्हणाले. धुरपताबाई गेल्या. वडे त्या दिवशी थोडे जास्तच लाल झाले.

साडेबाराला पाहुणे आले. जेवणं झाली. चुन्नीलालजींनी सुपारी तोंडात टाकली, टीव्हीसमोरची खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "लावा मंग, इवाईबुवा."

"लाईन गेली ना जी," उदारामजी म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. चुन्नीलालजींनी पंख्याकडे पाहिलं, उदारामजींकडे पाहिलं आणि सज्जन माणूस असल्यामुळे सुपारी चघळत राहिले. गुंजनने वडिलांचा चेहरा पाहून मान खाली घातली.

तेव्हा धुरपताबाईंनी पदराला हात पुसले, त्या टीव्हीपुढे येऊन बसल्या आणि प्लेअरच्या पुढचं एक बटण दाबून धरलं. ओठांतल्या ओठांत त्यांनी एक ते दहा मोजलं. पडद्यावर चित्र आलं. पुसट, पावसाळी काचेतून दिसावं तसं, पण आलं.

"हे तुले कोनं शिकवलं?" उदारामजींनी विचारलं.

धुरपताबाईंनी मागे न पाहता सांगितलं. रोज दुपारी ते दुकानात गेले की त्या ही डिस्क लावत. दिवाळीपासून रोज. एकदा चुकून हात लागून असाच पडदा काळा झाला होता, तेव्हा इंद्रकुमारने फोनवर शिकवलं. घरात सांगायचं नाही असं मायलेकांचं ठरलं होतं.

"सकाळीच सांगाचं ना मंग."

"सांगाले आलती जी, तीनदा," त्या म्हणाल्या.

डिस्क जिथे थांबली होती तिथूनच प्लेअरने पुढे सुरू केली. सकाळी उदारामजींनी घाईघाईत बटणं दाबताना ती शेवटाकडे पळवली होती. गुंजनची बिदाई चालली होती. फुलं लावलेली गाडी, भोवती बायकांचा घोळका, आणि मागे मंडपाच्या कडेला जनरेटरजवळ एक करडा डाग.

जमुनाबाई पुढे वाकून पाहू लागल्या. "सगळे दिसून राहिले," त्या म्हणाल्या, "पन गुंजनचे बाबा कोठीच नाही दिसत. तेव्हाही आमच्याकडच्या बाया म्हनत होत्या, पोरीचा बाप बिदाईले नाही आला म्हनून."

उदारामजी म्हणाले की जनरेटर बंद पडायला आला होता, डिझेल पाहायला गेलो होतो. हेच त्यांनी सात महिन्यांपूर्वी, लग्नातही सांगितलं होतं. तेव्हा गुंजन गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मागच्या काचेतून पाहत होती.

धुरपताबाईंनी रिमोट उचलला. सेटिंग उघडली, यादीत दोन घरं खाली उतरल्या, एक हजार ऐंशीवर ओके दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला. उदारामजींचा हात आपोआप पुढे आला. त्यांनी तो धरून ठेवला. धुरपताबाई शांत बसून राहिल्या.

चित्र परत आलं ते लख्ख. गाडीवरच्या झेंडूची पाकळी न् पाकळी वेगळी दिसू लागली. आणि जनरेटरजवळचा तो डाग म्हणजे उदारामजी होते. स्वयंपाकाच्या, पालथ्या घातलेल्या मोठ्या गंजावर बसून, नवा फेटा मांडीवर ठेवून, दुपट्ट्यात तोंड खुपसून ते लहान पोरासारखे रडत होते. आचारी एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटत होता.

चुन्नीलालजींनी सुपारी चघळणं थांबवलं. जमुनाबाईंनी डोळ्याला पदर लावला. गुंजन उठली आणि वडिलांच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर येऊन बसली.

"बाबा, डिझेल होतं ना पन?" तिने हळूच विचारलं.

"होतं थोडंसं," उदारामजी म्हणाले. त्यांना कुणाकडे पाहावं कळेना, म्हणून ते टीव्हीकडे पाहू लागले, आणि तिथे तर तेच होते. ते घसा साफ करून बायकोला म्हणाले, "अवं, येवढं साफ कायले पायजे? जरासं कमी कर ना."

धुरपताबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"ते बटन मले नाही येत जी," त्या म्हणाल्या.