बाबांचं मशीन फार वेळ घेतं

यंत्रांच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारा कोणी नाही. म्हणजे मी स्क्रूड्रायव्हर उचलला की सगळेच माझा हात धरतात, पण ती गोष्ट वेगळी! तर त्या दिवशी मी जाहीर केलं, "बाबांच्या कॉम्प्युटरचा वेग चौपट करून दाखवतो."

हा कॉम्प्युटर मी शाळेत असतानाचा. अख्खं मशीन कीबोर्डच्या पोटात, आणि पडदा म्हणून एक जुना डबडा टीव्ही. असली मशीनं लोकांनी केव्हाच भंगारात घातली. बाबांनी घातलं नाही, कारण त्याच्या मागच्या खाचेत बुद्धिबळाच्या खेळाची डबी, म्हणजे कार्ट्रिज, खुपसलेली आहे. वीज गेली की मशीन मांडलेला डाव विसरतं, म्हणून ते कायम चालू असतं. प्लगवर बाबांची चिठ्ठी आहे: 'बंद करू नये. कोणीही. (हे तुलाच आहे.)'

पण गेले काही महिने मशीन भलतंच मंद झालं होतं. बाबा सकाळी चाल करून फिरायला जायचे, उत्तर यायचं दुपारी. पाहुणे असले तर दुसऱ्या दिवशी!

"म्हातारं झालं बिचारं," बाबा म्हणायचे. "पण खेळतं काय! आधी गाढवासारखं खेळायचं. आता कुठे डोकं आलंय त्याला."

असा महिनोन्महिने रेंगाळलेला हा डाव अखेर बाबांच्या बाजूने झुकला होता. आज संध्याकाळी मशीनला मात, असं त्यांनी बागेतल्या बाकावर जाहीर केलं होतं आणि बाकावरचे तिघं मित्र साक्षीला येणार होते. दुपारी बाबा दाढ काढायला गेले. मी मागवलेला मेमरी बोर्ड कालच आला होता. मुलगा असावा तर असा!

"बाबांना विचारलंस?" बायकोने विचारलं.

"सरप्राइज आहे."

"अपघातही सरप्राइजच असतो. डाव पुसला जाईल ना?"

"मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. अक्कल आहे मला!"

"तिचाही फोटो काढून ठेव. पुरावा राहील."

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून प्लग उपटला. झाकण उघडलं. कीबोर्डची प्लॅस्टिकची पट्टी वाळक्या पानासारखी झाली होती. ती किंचित 'कड्' असं काहीतरी म्हणाली. बोर्ड बसवताना एक पिन वाकली. ती चिमट्याने सरळ केली, तर शेजारची वाकली. शेवटी सगळं आत कोंबून झाकण लावलं, तेव्हा हातात एक स्क्रू उरला. कंपन्या एखादा जास्तीचा देतातच!

प्लग लावला. पडद्यावर नव्या मेमरीचा आकडा झळकला आणि मी खोलीभर नाचलो. मग डाव मांडायला फोटो उघडला.

जुन्या टीव्हीचा मोबाइलवर फोटो काढला की मधोमध जाडजूड काळा पट्टा उमटतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. अर्धा पट गुडुप! राजे दिसत होते, काठावरची चार प्यादी दिसत होती, बाकी अमावस्या.

अंदाजपंचे सोंगट्या मांडायला लागलो, तर वजीर मांडायचं बटण कितीही दाबलं तरी वजीर उमटेना. 'कड्' म्हणजे काय ते आता कळलं.

"बाबांचा वजीर गेला!" मी किंचाळलो.

"दाढ तर गेलीच आहे," बायको म्हणाली. "सोबत वजीरही गेला म्हणून सांग."

तीन म्हातारे यायचे होते, आणि महिनोन्महिने जपलेला डाव मी पुसून बसलो होतो. इतक्यात आई धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "वजीर कशाला शोधतोस? दोन्ही वजीर गेल्या आठवड्यातच गेले. माझा देऊन मी यांचा घेतला."

"तुझा?"

"मग काय मशीनचा? मागे एकदा पुसताना वायर निघाली, सगळं कोरं झालं. डाव मला पाठ होता, मांडून ठेवला. पण मशीनला खेळायला लावायचं बटण काही सापडेना. यांनी चाल करून ठेवलेली. मग मीच केली."

"म्हणजे उत्तर दुपारी यायचं ते..."

"ओटा, भांडी, कपडे आटोपल्याशिवाय मला वेळ कुठे असतो?"

मी हातातल्या स्क्रूकडे बघितलं. "बाबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं तर म्हणतील, तुला नाही कळायचं त्यातलं. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय. मशीनचं मात्र केवढं कौतुक करतात! ऐकायला बरं वाटतं रे."

एवढं बोलून तिने एका बोटाने खटाखट सगळा डाव मांडला.

संध्याकाळी बाबा सुजलेल्या गालाने खुर्चीत बसले, मागे तिघं मित्र. बाबांनी चाल केली. "शह!"

मशीन गप्प. सगळे टक लावून बसले. मशीन गप्पच.

"झोपलं का हो?" निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

"छे! आज मेमरी वाढवलीय मी, आता झटकन..." मी बोलून गेलो.

"काय केलंस?" बाबा सुजलेल्या गालातून ओरडले.

"सगळे जरा गॅलरीत बसा बघू," आई म्हणाली. "चहा तिकडेच देते. एवढी माणसं टक लावून बसली की सुचतं का कोणाला?"

मंडळी निमूटपणे गेली. मी आईच्या कानाशी लागलो, "आज जिंकू दे ना त्यांना! मित्रांसमोर आहेत."

आईचं बोट क्षणभर थांबलं. "तीन आठवडे हा उंट कोपऱ्यात दडवून ठेवलाय," ती म्हणाली. "असा फुकट घालवू?" आणि तिने बटण दाबलं.

मंडळी परत आली, तेव्हा बाबांना मात झाली होती.

मित्र मनसोक्त हसून घरी गेले. बाबांनी पट पाहिला, स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो बोर्ड काढून टाक," ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून कपबशा विसळायला गेले.

मी मागे धावलो. "बाबा, तुम्ही कशाला?"

"हळू बोल!" ते कुजबुजले. "पाहुणे आले की मशीनला उशीर होतो, कपडे कमी असले की ते लवकर खेळतं. मी काय आंधळा आहे? म्हटलं, एकदा हरवू आणि मग सांगू की मला ठाऊक होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू? तिला कळू देऊ नकोस." मग घासणी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू घास. मी कपड्यांच्या घड्या घालतो. मला नवा डाव मांडायचाय."

तर बोर्ड आता खणात आहे, सोबतीला तो स्क्रू. भांडी माझ्याकडे, कपडे बाबांकडे, आणि मशीन चहा गार व्हायच्या आत उत्तर देतं. वेग चौपट करीन म्हणालो होतो, केला!

कालपासून बायकोही बुद्धिबळ शिकायला बसलीय. घरात आता केर काढायचं तेवढं काम उरलंय, आणि ती अधूनमधून माझ्याकडे बघते.