बारा तासांची झोप

मकरपुऱ्यातल्या पंपांच्या कारखान्याने स्टोअर्समधल्या लोकांना तीन दिवसांचं कॉम्प्युटर ट्रेनिंग दिलं, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी रघुनाथरावांना पाय-चार्ट, म्हणजे रंगीत फोडींचा गोल, काढता आला. चोपन्नाव्या वर्षी माणसाला नवी कला आली की ती घरच्यांना भोगावी लागते. (त्यांच्या वडिलांनी साठीत पेटी शिकायला घेतली होती, तेव्हा शेजारच्यांनी घर बदललं होतं.)

घरात कलावंत आधीच एक होता. मुलगी अवंती फाइन आर्ट्सला शिकत होती आणि इंटरनेटवर तिचा 'तरसालीतलं घर' नावाचा ब्लॉग होता. घरातल्या साध्यासुध्या गोष्टींचे ती त्यावर तक्ते आणि चित्रं टाकायची. चहाचा कप स्वयंपाकघरातून निघून कुठेकुठे गार होतो त्याचा नकाशा, आईच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची वंशावळ, असलं काहीबाही. पार कॅनडातून लोक लिहायचे, "अगदी आमच्या घरासारखं!" या सगळ्यात रघुनाथराव आजवर एकदाच आले होते, तेही पेपरखालून दिसणारे दोन पाय म्हणून. हे त्यांना लागलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी अवंती बाहेर गेली होती, कॉम्प्युटर चालू होता आणि ब्लॉग उघडा होता. आपणही घराच्या नावलौकिकात भर घालावी, असं रघुनाथरावांनी ठरवलं. विषय समोरच कणीक मळत होता. 'आमच्या सौ.चा दिवस.'

आकडे गोळा करायला त्यांना पाच मिनिटं लागली. रात्री दहाला नीरा झोपते. सकाळी सातला आपण उठतो तेव्हा चहा तयार असतो, म्हणजे तीही तेव्हाच उठत असणार. झाले नऊ तास. दुपारी आपण कारखान्यात. पण मागे एकदा अडीच वाजता घरी फोन केला होता, तो कुणी उचलला नव्हता. म्हणजे झोप. एक ते चार, अंदाजे. एकूण बारा तास. अर्धं वर्तुळ निळंशार झालं. उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाक, मालिका, फोन आणि 'इतर' बसवून त्यांनी बटण दाबलं आणि खुशीत जेवायला बसले.

शुक्रवारी पहिला अभिप्राय आला. "काकूंचा थायरॉइड तपासून घ्या. एवढी झोप बरी नाही. – एक डॉक्टर, सुरत." रघुनाथराव लगेच कॉम्प्युटरशी बसले. चित्र काढून टाकायला गेले, तर ते पानाच्या अगदी वर जाऊन बसलं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तर दोनदा दिसू लागलं. अवंतीला सांगायची हिंमत होईना.

शनिवारी दुपारी दार वाजलं. डभोईहून नीराताईंचे थोरले बंधू जयवंतराव आणि वहिनी मंदाकिनी आले होते. जयवंतरावांच्या हातात सहा शहाळी होती, चेहरा स्मशानातून आल्यासारखा.

"नीरा, तू उठलीस कशाला? आडवी हो आधी!"

"का दादा? काय झालं?"

"आम्हाला कळलंय सगळं," मंदाकिनीवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "केव्हापासून होतंय हे?"

"काय होतंय?"

"रघुनाथराव, तिला सांगितलं नाहीत का तुम्ही?" जयवंतराव गरजले. "मी सोमवारची पाचची अपॉइंटमेंट घेतलीय. मांडवीतले डॉक्टर, मोठे आहेत."

एवढ्यात शेजारच्या हंसाबेन डोकावल्या. "नीराबेन, शुं थयुं? सगळं ठीक ना?"

रघुनाथरावांनी चष्मा पुसायला घेतला. जयवंतरावांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यांच्या मुलाने, उन्मेषने, आतेबहिणीचा ब्लॉग बघता बघता काढलेला प्रिंटआउट. नीराताईंनी तो घेतला. निळं अर्धवर्तुळ पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"पानं घेते," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

एकवीस वर्षांच्या संसारात रघुनाथराव भांडणाला कधी घाबरले नव्हते, पण ही शांतता त्यांना झेपेना. आमटी नेहमीसारखीच झाली होती, तीच जास्त भीतिदायक. 'ही आता दादाबरोबर डभोईला जाते,' असं त्यांना खरंच वाटू लागलं.

रविवारी सकाळी सातला ते उठले, तर घरात कुणीच नाही, मुक्कामाला राहिलेले जयवंतराव आणि वहिनीही नाहीत. दारातून मात्र आवाज येत होते. ते घाईघाईने बाहेर गेले. नीराताई रोज उंबऱ्यापुढे चार ठिपक्यांची रांगोळी काढत. आज तिथे परातीएवढी दोन रंगीत वर्तुळं होती आणि अवंती खुर्चीवर चढून फोटो काढत होती.

पहिल्या वर्तुळात साडेचार ते सातची फोड गडद निळी होती. 'पाणी भरणे, डबे.' दुपारची फोड पिवळी. 'बँक, दळण, रेशन.' झोपेची फोड जेमतेम पाव वर्तुळ. रघुनाथराव बघतच राहिले. नळाला पाणी पहाटे येतं, हे त्यांना माहीत होतं. टाकीत ते आपोआप चढत नाही, हा विचार त्यांच्या मनात एकवीस वर्षांत आला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

"अहो, दुसरं तर बघा!"

दुसरं होतं 'यांचा रविवार'. झोप, पेपर, चष्मा शोधणे, चहा मागणे, आणि एक घसघशीत लाल फोड, 'दुसऱ्याची झोप मोजणे'. मधोमध पांढरा ठिपका होता.

"आणि हा ठिपका?"

"घरकामात मदत. याहून बारीक चिमूट सुटेना मला."

सगळे खो खो हसले, आणि नीराताई सगळ्यांत जास्त. ते हसू ऐकून रघुनाथरावांच्या जिवात जीव आला. ही कुठे जात नव्हती. त्या आनंदात त्यांनी सगळ्यांसाठी स्वतः चहा केला. (साखर कुठे असते, ते दोनदाच विचारावं लागलं.)

दुपारपर्यंत रांगोळीच्या फोटोवर दोनशे अभिप्राय आले. सगळ्यांत वर सुरतेचे डॉक्टर होते. "काकू ठणठणीत आहेत. तपासणी काकांची करा."

जयवंतरावांनी ते मोठ्याने वाचलं आणि गंभीरपणे फोनकडे वळले. मांडवीतली अपॉइंटमेंट त्यांनी रद्द केली नाही. फक्त पेशंटचं नाव बदललं.