सुभाषदादाचे भाडेकरू

भाडेकरूचं फोल्डर उघडण्याआधी सुभाषदादा खोकायचा. परक्या घरात शिरताना माणूस खोकतो, तसा. सेनगावच्या स्टँडसमोर त्याचं नेट कॅफे. अमेरिकेतल्या एका कंपनीकडून सर्व्हरवर ठोक जागा घ्यायची आणि वेबसाइटवाल्यांना तुकड्यातुकड्यानं भाड्यानं द्यायची, हा त्याचा जोडधंदा. सर्व्हर त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण रुबाब असा, की चाळ बांधलीय.

तांड्यांवरच्या शाळांसाठी झगडणाऱ्या आमच्या संघटनेचे मेल त्याच सर्व्हरवरून जायचे. तिथंच एक दिल्लीवाला होता. टकलावर केस उगवून देणारं तेल विकायचा आणि न मागता रोज हजारो लोकांना मेल पाठवायचा. तक्रारी यायच्या. दादा त्या न वाचताच पुसायचा. "शेजाऱ्यायच्या कागाळ्या हायत. मालकानं भाडेकरूच्या चुलीत काहून पाहावं?"

अशा बेफिकीर मालकांनीच जगाच्या मेलबॉक्सचा उकिरडा केलाय, असं मी तोंडावर सुनावलं.

"तू पत्रकं वाटतोस, ते लोकायनं मागितलेले असतेत का?"

"पत्रक न घेता माणूस पुढं जाऊ शकतो."

"मेलबी पुसता येतो की, लेका."

शेवटी तेलवाल्याच्या मेलांपायी मेल कंपन्यांनी अख्खा सर्व्हरच काळ्या यादीत टाकला. आमच्या तांड्यावरच्या शाळेला मास्तर नव्हता; मुंबईच्या पत्रकारांना आम्ही तेच कळवत होतो. आमचाही प्रत्येक मेल परत यायला लागला. मी कॅफेत ठाण मांडलं. "दादा, तेलवाल्याला काढल्याशिवाय उठणार नाही."

"भाडं बराबर देऊन राहिला तो."

"आणि तांड्यावरची लेकरं?"

दादा कीबोर्ड पुसत बसला. मग म्हणाला, "हिंगोलीला कॉलेजात होतो. आमी बौद्ध हाओत हे घरमालकाला उशिरा कळलं. सांजच्याला आलो तं पेटी, अंथरूण, पुस्तकं, समदं रस्त्यावर. तवापासून कोनाला खाली कर म्हनवत न्हाई."

"तुला काढलं ते तू कोण म्हणून. ह्याला काढायचं ते हा काय करतो म्हणून."

दादा खोकला आणि त्यानं तेलवाल्याचं फोल्डर उघडलं. मग त्यानं तेलवाल्याचं खातं बंद केलं. पुढं आमचे मेलही जायला लागले.

पण बंद करण्याआधी त्यानं तेलवाल्याच्या सगळ्या फायली, टकलांच्या फोटोंसकट आणि त्या हजारो पत्त्यांसकट, सीडीवर उतरवल्या आणि पाकिटावर दिल्लीचा पत्ता लिहायला घेतला.

मी भडकलो. "अरे, ह्याच्यावर तो दुसरीकडं पुन्हा दुकान मांडेल."

"मांडू दे," दादा म्हणाला. "सामान हाय त्याचं. त्याच्या हाती पडावं."