तेलाचा खड्डा

गायखे नाना चहा आधी तपासायचे, मग प्यायचे. कँटीनमध्ये चमचा गरगर फिरवून बाहेर काढायचा, टेबलाला गाल टेकवायचा आणि काचेच्या ग्लासात बघत ओरडायचं, "मधी खड्डा, कडंला चढ!" समाधान झालं नाही तर पुन्हा ढवळायचे. चहा पार कोमट व्हायचा. घरी नानी म्हणे दटावायच्या, "ताक प्या, मोजू नका!"

अंबडच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी टाक्या ढवळल्या. मीटर न बघता, रंगातला खड्डा पाहून ते वेग सांगत. "वेग दुप्पट, खड्डा चौपट," हे नववी शिकलेल्या माणसानं फुटपट्टी लावून शोधलेलं. मी मात्र इंजिनिअर.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते, सगळ्यांची बायकापोरं येतात. त्या वर्षी नानांनी भंगारातल्या मोटरीवर थाळी बसवली, थाळीच्या मधोमध पाण्याची बरणी. ती फिरवून खड्ड्यावर खूण केली. मग तशीच गोडेतेलाची बरणी ठेवली. "आता बघा पोरांनो, त्याच वेगानं तेलालाबी येवढाच खड्डा! लय मजा हाय!"

"नाना," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तेल घट्ट असतं, खड्डा कमीच पडणार. नववीवाल्यानं इतकं छातीठोक बोलू नये."

लोक हसले. माझा हात धरून उभी असलेली माझी मुग्धाही हसली. नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोटरीची पिन बोर्डातून काढली. "साहेबांचं बराबर असंल. मोटार बी तापलीय."

संध्याकाळी घरी मी कॉलेजचं पुस्तक उघडलं. सूत्रात वेग होता, बरणीची रुंदी होती, गुरुत्वाकर्षण होतं. घट्टपणा कुठेच नव्हता. मी पुस्तक मिटलं आणि दोन वर्षं तोंडही मिटलेलंच ठेवलं. नानांच्या निरोपाला शाल मीच दिली, लांबलचक भाषणही ठोकलं. हे सोडून सगळं बोललो.

परवा रविवारी न राहवून सातपूरला त्यांच्या घरी गेलो. "नाना, तेव्हा मी चुकलो होतो."

"मला ठाव व्हतं की," नाना सहज म्हणाले. "पोर तुमच्याकडं कवतिकानं बघत व्हती. तिच्यासमोर मोटार कशी चालू करू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीला आजच सांगायचं, असं ठरवून घरी आलो.

"नानांकडे गेला होतात ना बाबा?" मुग्धानं दारातच विचारलं. "त्यांना कळलं का शेवटी, तेल घट्ट असतं ते?"

चप्पल काढायला वाकलो होतो, तसाच वाकून राहिलो. तिच्याकडे वर बघायची माझी हिंमत होईना.