दोन केबली

नांदूरपेठेत जिवंत माणसं ग्रामपंचायतीच्या नेटवर्क स्विचवर, म्हणजे केबली जोडायच्या पेटीवर, व्हीलॅन दहा या गटात असतात आणि मेलेली व्हीलॅन चाळीसात. पेटी एकच. एका गटात कुणी बोललं की त्या गटाच्या घराघरातल्या स्पीकरवर ऐकू येतं. दुसऱ्या गटात मात्र जात नाही.

भैरूचा थोरला भाऊ विलास गेल्या आठवड्यात दहातून चाळीसात गेला. तेव्हापासून भैरूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दोन्ही गट एकाच पेटीत आहेत हे आज कुणीतरी सांगितलं, आणि तो अनवाणीच पळत कार्यालयात आला.

स्विच सांभाळणाऱ्या नाईकवाडी मॅडम डबा खात होत्या.

"दादा कुठल्या भोकात?"

"सतराव्या."

"आणि आमचं घर?"

"सोळाव्या."

भैरूला हसूच फुटलं. "मग शेजारीच की, मॅडम."

मॅडमनी समजावलं की शेजारी असून उपयोग नाही, गट वेगळे. ते जोडायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ठरावाला दोन्ही गटांनी एकमेकांचं म्हणणं ऐकावं लागतं. ऐकू येत नसल्यामुळे ठराव अडला होता. एवढं सांगून त्या डबा धुवायला गेल्या.

भैरूनं दहाच्या रिकाम्या भोकातून चाळीसाच्या रिकाम्या भोकात केबल खुपसली. ही निसटली तर दादा पुन्हा जायचा, म्हणून लगेच शेजारी दुसरीही खुपसली.

सगळे दिवे एकदम लुकलुकले.

"भैरू, जेवलास का?"

विलासच. भैरू आनंदानं ओरडून नाही म्हणाला. पण पुन्हा तेच आलं, मग पुन्हा, आणि त्याचं 'नाही'ही मागोमाग फिरू लागलं. सगळ्या गावानं ऐकलं. शेजारच्या शेवंताकाकूनं तर ताट वाढून कार्यालयात पाठवलं.

मॅडम धावत आल्या. दोन केबलींनी फेरा तयार झालाय, म्हणाल्या. शब्द एकीतून जातो, दुसरीतून परत येतो, नव्या शब्दाला जागाच उरत नाही. असा फेरा रोखायची सोय पेटीत होती, पण ती चालू करायलाही ठराव लागत होता.

"एक काढ."

भैरूनं दोन्ही केबली मुठीत गच्च धरल्या. "आणि दादा गेला तर?"

"तो हेच एक वाक्य बोलत राहिला तर चालेल तुला?"

भैरूनं डोळे मिटून एक उपटली.

आवाज थांबला. भैरूनं स्पीकरला कान लावला.

"दोन कशाला लावल्यास रं, येड्या?"

मॅडमनी तिथेच स्पीकरवरून ग्रामसभा पुकारली. दोन्ही गटांना ऐकू गेलं आणि गणसंख्या पहिल्यांदाच पुरी भरली. भैरूनं काकूचं ताट पुढं ओढलं.

"जेवतोय," तो घास तोंडात ठेवूनच म्हणाला.